ताडावर चढणारा लाहनू

परवा नरोलीच्या रस्त्यावर ताडगोळे घेतले. सोलताना त्यांचा कोवळा वास आला आणि मसाटच्या शाळेतली एक सकाळ आठवली.

मी कोकणातून नुकतीच शिक्षिका म्हणून आले होते. वर्गाच्या खिडकीबाहेरच्या ताडावर ताडगोळे उतरवायला लाहनू चढत होता. कमरेला कोयता, पायांत दोरीचा फास, छातीची कातडी खोडाला घासून काळी, राठ झालेली. त्याची मुलगी सुमन पाढे सोडून श्वास रोखून बापाकडे बघत होती.

"सुमन, पाठ कर," मी ओरडले, "नाहीतर बापासारखी जन्मभर झाडावर चढत बसशील!"

वर्ग हसला. सुमनने मान खाली घातली. बाहेरचा कोयत्याचा आवाज एकदम थांबला, तेव्हा लाहनूने ऐकलं हे मला कळलं.

थोड्या वेळाने तो दाराशी आला. "बाई, तुमचं बरोबर हाय. उद्यापासून मी शाळा भरायच्या आधीच चढून जाईन. पोरीचं ध्यान नको मोडायला."

शाळा सकाळी लवकर भरायची, म्हणून तो खरंच उजाडायच्या आधी येऊ लागला. वर्ग शांत झाला, म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं. दवाने ओल्या झालेल्या खोडावर अंधारात चढणं म्हणजे काय, हे माझ्या मनातही आलं नाही.

आठवड्याभराने सुमन वर्गात पेंगायला लागली. मी कारण विचारलं.

"बाबा चढतो ना बाई, तेव्हा मी खालून बॅटरी धरते."

तेव्हा तरी लाहनूकडे जाऊन 'दिवसाच चढत जा' म्हणायला हवं होतं. मी "बरं, बस" म्हणाले आणि हजेरी घेऊ लागले.