खालांची भीती

खाला लोकांच्या पाठीतून रक्त काढायच्या आणि स्वतः रक्ताला घाबरायच्या. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी पहिल्यांदा पालथी पडले, तेव्हा मान वळवून चोरून पाहिलं, तर हातमोजे चढवताना बाईंची बोटं चांगलीच कापत होती. मी मुळातच भित्री. पालीला घाबरते, मी नोकरी करते त्या शाळेतल्या मोठ्या बाईंना घाबरते, गॅसचा वास आल्यासारखा वाटला तरी घर डोक्यावर घेते. आणि जिच्या हाती पाठ दिली होती ती माझ्यापेक्षा भित्री निघाली. "खाला, तुम्हीच घाबरलाय की," मी म्हणाले. "मग? घाबराय नगं व्हय?" त्या म्हणाल्या. "ज्याला भ्या वाटत न्हाय त्याच्या हातात पातं देऊ नये. कातडं तुझं हाय पोरी, माझं न्हाय." मग त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, आणि त्यानंतर त्यांचा हात एकदाही हलला नाही.

खाला म्हणजे मावशी. सगळी गल्ली त्यांना खालाच म्हणायची, म्हणून मीही. त्या हिजामा करायच्या. आपल्याकडची जुनी माणसं ह्यालाच तुंबडी लावणं म्हणतात. मानेवर, खांद्यावर प्लॅस्टिकचे छोटे पेले बसवायचे, पंपानं आतली हवा ओढायची, कातडी वर आली की पेला काढून नव्या पात्यानं बारीक ओरखडे काढायचे आणि पुन्हा पेला लावायचा. रक्त ठिबकून पेल्यात जमतं आणि थोड्या वेळात थिजतं. मग पुसून घ्यायचं, मध लावायचा, पट्टी मारायची. हे त्या सासूकडून शिकल्या. सासू बैलाचं शिंग लावून तोंडानं हवा ओढायची. खालांनी नंतर बरीच वर्षं एका दवाखान्यात आयाचं काम केलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे शिंगही नव्हतं आणि कालचं पातंही नव्हतं. बायकांनाच घ्यायच्या, पुरुषाला दारातूनच परत पाठवायच्या.

माझं अर्धं डोकं दुखायचं. शाळेतल्या एका शिक्षिकेनं खालांचं नाव सांगितलं, मी गेले आणि पंधरा दिवस डोकं हलकं राहिलं. सोळाव्या दिवशी परत ठणकायला लागलं. मी तक्रार घेऊन गेले, तर खालांना जराही नवल वाटलं नाही. "सुन्नत हाय, जादू न्हाय," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पैगंबरांनी केलं म्हणून त्या करायच्या, श्रद्धेनं करायच्या, पण कुणी साखरेवर, किडनीवर, मूल होण्यावर हिजामा करा म्हणून आलं की सरळ उठवून लावायच्या. "मान धरली असंल, पाठ भरून आली असंल, तर बस. चार दिवस बरं वाटलं तर वाटलं. बाकीच्याला डाक्टर हाय. जादू आसती तर माझा मालक किडनीनं गेला आसता व्हय?" हे सांगताना आवाज तसाच खणखणीत. समोरची बाई मात्र पदर सावरायला लागायची.

चांदाच्या महिन्याची सतरा, एकोणीस आणि एकवीस ह्या त्यांच्या पसंतीच्या तारखा. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या पेन्सिलीनं गोल करून ठेवायच्या. त्यातली पहिली तारीख बऱ्याचदा आपल्या संकष्टीच्या आसपास पडायची. हिजामा उपाशीपोटी करतात, हे कळल्यावर आमच्या बायकांनी हिशेब केला की नाहीतरी पोट रिकामंच आहे, एका उपासात दोन कामं होतील. एकदा तिघीजणी अशा नटूनथटून आल्या. खालांनी तिघींच्याही हातावर खजूर ठेवून त्यांना परत पाठवलं. "उपासाची चक्कर आन् रक्ताची चक्कर एका दिवशी नगं. पडलीस तर गणपतीला काय सांगू मी?" त्यातल्या एकीला राग आला होता. पण खजूर खाल्ला, उपासाला चालतो म्हणून.

त्यांचा सगळ्यात कडक नियम गोळ्यांच्या पिशवीचा. नवी बाई आली की पहिल्या दिवशी पाठीला हात नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या. खाला पिशवी चटईवर उलटी करायच्या, चष्मा लावून एकेक पाकीट वाचायच्या, नाव कळलं नाही तर ओळखीच्या औषधवाल्याला फोन लावायच्या. रक्त पातळ करायची गोळी दिसली की संपलं. मग ती बाई रडो, भांडो. अंगात रक्त कमी असलेल्यांना, पोटुशी असलेल्यांना, सगळ्यांना हाच न्याय. आम्ही हसायचो त्यांना. दवाखान्यातसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत, असं मीच एकदा म्हटलं होतं.

आणि मग मी माझ्या आईला त्यांच्याकडे नेलं. मी लग्न केलं नाही. आई आणि मी खालच्या मजल्यावर राहतो, वर माझा थोरला भाऊ, दादा, आणि त्याचा संसार. आईचा उजवा खांदा धरलेला. तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता यायची नाही, आणि माझ्याकडून घालून घेताना ती रोज चिडायची. तिच्या हृदयाचे ठोके चुकतात म्हणून डॉक्टरांनी तिला रक्त पातळ करायची गोळी दिली होती. आम्ही आलो तेव्हा एक म्हातारी खालांच्या पायरीवरून उतरत होती. "त्या बारक्या गोळीपायी मला हाकलली," असं ती आईला सांगून गेली. आई तिथेच थांबली. पिशवीतून ते पाकीट काढून तिनं माझ्या पर्समध्ये कोंबलं. "तू बोलू नगंस, सुमे. एक दिवस केलं म्हणून काय मरत न्हाई मी."

खालांनी पिशवी उलटी केली. एकेक पाकीट वाचलं. "एवढ्याच, आक्का?" "एवढ्याच," आई म्हणाली. खालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, एवढ्याच न्हवं?" पर्स माझ्या मांडीवर होती. आई माझ्याकडे बघत होती, आणि आईला मी जन्मभर घाबरत आले आहे. "हो," मी म्हणाले. त्या एका अक्षरापायी मला पुढे किती दिवस झोप लागणार नव्हती, हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी सकाळी आईच्या खांद्यावर आणि पाठीवर मिळून पाच पेले लागले. पहिला पेला भरला. खाला थांबल्या. रक्त थिजायची वाट बघत होत्या. ते थिजेना. पेला काढला तर ओघळ खाली चटईवर आला. त्यांनी कापूस दाबला, तो भिजला. दुसरा दाबला, तोही भिजला. "घट्ट हुईना," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. मला तो चेहरा अजून दिसतो. आईच्या कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते, तरी ती मान हलवून मला नको म्हणत होती. "खरं सांग पोरी," खाला म्हणाल्या. "आत्ता सांग." दोन दिवस आई ज्यातून गोळी घेत होती, ते पाकीट मी पर्समधून काढून त्यांच्यासमोर धरलं.

त्या एक शब्द रागावल्या नाहीत. सगळे पेले काढले, जखमांवर स्वच्छ कापडाच्या घड्या ठेवल्या आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरलं. रिक्षात बसतानाही हात काढला नाही. "आक्का, बोलत ऱ्हावा. काय बी बोला." आई पुटपुटली, "गवारी निवडून ठिवलीया. वाळंल." "वाळू दे. मी आणून देतो दुसरी." खालांच्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या. मी पुढे रिक्षावाल्याशेजारी बसून मागे वळून बघत होते. आई जाणार, आणि मी तिला मारली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दवाखान्याच्या दारातच खालांनी गोळीचं नाव डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आईला आत नेऊन इंजेक्शन दिलं, घट्ट पट्ट्या बांधल्या. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. रक्त थांबलं होतं, पण एक दिवस ठेवून घ्यायला हवं होतं. ही गोळी चालू असताना कातडीला पातं लावायचंच नसतं, असं ते म्हणाले, आणि नेमक्या त्याच वेळी, माझा फोन गेल्यावर निघालेला दादा जिना चढून वर आला.

"कुणी केलं ह्ये?" दादाचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमला. खाला भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी," त्या म्हणाल्या. "गोळी चालू हाय ते कळत न्हवतं व्हय? माणूस हाईस का कोण हाईस?" दादा त्यांच्या अंगावर धावून गेला, कंपाउंडरनं मधे हात घातला. मला एवढंच सांगायचं होतं की त्यांनी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि खोटं मी बोलले. वाक्य तोंडात तयार होतं. पण दादाचे डोळे पाहिले आणि ते गिळलं. खालांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "चूक झाली, दादा," त्या म्हणाल्या. "मी अजून एकदा इच्चाराय पायजे हुतं."

आई दुसऱ्या दिवशी घरी आली. तोवर दादानं आईच्या पाठीचा फोटो आणि खालांच्या गल्लीचं नाव मोबाईलवरून चार ग्रुपवर पाठवलं होतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो शाळेच्या ग्रुपवर माझ्याकडेच परत आला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात रक्ताबद्दल थोडं आणि खालांच्या धर्माबद्दल फार होतं. मी तरीही गप्प होते. तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी, खालांचं नाव सुचवणाऱ्या त्याच शिक्षिकेनं सांगितलं की सकाळपासून काही पोरं खालांच्या दारासमोर उभी असतात. काही करत नाहीत. नुसती उभी असतात आणि मोबाईल वर धरून असतात.

त्या दिवशी मी घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता वर जाऊन दादाला सगळं सांगितलं. पर्स, पाकीट, "हो" म्हणाले ते. मारेल असं वाटलं होतं. तो नुसता पलंगावर बसला. आई खालून ओरडली, "तिला बोलू नगंस, मीच सांगितलंतं लपवाय." दादा वाईट माणूस नाही. आधीचा निरोप चुकीचा आहे, त्या बाईंचा दोष नाही, असं त्यानं त्याच चार ग्रुपवर लिहिलं. पहिला निरोप गावभर गेला होता. दुसऱ्याखाली दोघांनी अंगठा दाखवला.

मंगळवार पेठेत गेले तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, लेकीकडे कबनूरला गेल्या, काम सोडलं. मला लगेच जायला हवं होतं. पण काय बोलायचं ह्या भीतीनं मी दोन महिने काढले. शेवटी एका रविवारी आईनंच पिशवीत सव्वा किलो गूळ आणि स्वतःच्या हातची चटणी भरली आणि म्हणाली, "जा. न्हायतर मी जातो."

कबनूरच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट होता. मी कडी वाजवली, दोनदा, तीनदा. दार चार बोटं उघडलं. खालाच होत्या. वाळल्या होत्या. मला ओळखलं, आणि ओळखल्यावर त्या एक पाऊल मागे सरकल्या. आजवर आयुष्यात सगळ्यांना मीच घाबरत आले होते. मला घाबरून मागे सरकलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

"खाला, मी दादाला सगळं सांगितलं," मी एका दमात म्हणाले. "खोटं मी बोलले होते, तुमची काही चूक नव्हती."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आक्का कशी हाय?"

"बरी आहे. तुम्हाला गूळ पाठवलाय."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मागांच्या आवाजात ऐकू येणार नाही इतक्या हळू विचारलं, "संगं कोण आलंय?"

"कुणी नाही. एकटीच आहे."

तरी त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं, गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि मगच मला आत घेतलं.