मोडीत घालण्याआधी

मालूकाकू कोणतंही जुनं भांडं तराजूत टाकण्याआधी त्यावरचं नाव विचारायच्या. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून मेहकरच्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या मला हाक यायची. "खाली ये वं पोरी, वाच."

मी इंग्रजी शाळेतली. ठिपक्यांनी कोरलेली मराठी अक्षरं अडखळत वाचायचे, गिऱ्हाइकांसमोर लाजायचे. काकू कधी हसल्या नाहीत.

लोक जुनं पितळ देऊन नवं स्टील न्यायचे. घडण, नक्षी, कोणी प्रेमानं दिलं ते, सगळं वजा व्हायचं. उरायचं धातूचं वजन. त्याला मोड म्हणतात. काकू म्हणायच्या, "मोडाले एक घाव पुरते. म्हून पह्यले इचारा, हे कोनाचं हाय?"

एकदा एका माणसानं आंदणाची परात आणली. मी वाचलं, "सौ. सुमन हिस वडिलांकडून."

"सुमन कुठी हाय?" काकूंनी विचारलं.

"माहेरी. आता आनत नाही तिले. दुसरी पाहून राह्यलो. मोडीचा भाव लावा, तुमाले काय करायचं?"

"फुटली नाही, चेपली नाही. काऊन मोडीत टाकून राह्यला मंग?"

तो परात उचलू लागला तशा काकू घाईनं म्हणाल्या, "ठेव. घेतो मी." त्यांनी पैसे दिले. मला त्यांचा राग आला.

तो गेल्यावर दुकानात काम करणाऱ्या मुलानं हातोडा उचलला. काकू ओरडल्या, "हात नोको लावू! परत पाठवली असती, तं समोरच्या दुकानदारानं आताच ठोकली असती."

तेव्हा मला कंठ फुटला. नावाखाली सुमनच्या माहेरचं गाव होतं, ते त्या माणसाचं बोलणं ऐकून मी मुद्दाम वाचलं नव्हतं. "काकू, रोहिणखेड लिहिलंय."

गुडघे दुखत असूनही दुसऱ्या दिवशी मला घेऊन काकू रोहिणखेडच्या एसटीत चढल्या. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली परात.

काकूंनी परात उघडून सगळं सांगितलं, तरी सुमन दारातच थांबली. परातीला हात लावेना. "त्यायनं मोडीत घातली ना? मंग मोडच झाली. मी बी तशीच."

"चाळीस वर्सं मोड घेतो मी, बाई," काकू म्हणाल्या. "मोड कोनती, ते मले समजते. त्याले नाही."

मग सुमननं परात काकूंच्या हातातून घेतली, अंगणात नेऊन राखेनं घासली आणि आमच्या भाकरीसाठी तिच्यात पीठ ओतलं.