पर्जन्यमापकाला पाजलेलं पाणी

आमच्या पाड्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. ते मी आजही मान वर करून सांगतो. शेतकीची पदवी घेऊन तलासरीत नोकरीला लागलो तेव्हा पाड्यावरचे म्हातारे माझ्या पँटच्या कापडाला हात लावून बघायचे, आणि मी बघू द्यायचो.

नोकरीत एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. आमच्या भागाचा पाऊस मोजला जायचा तो डहाणूला, समुद्राच्या अंगाला. तिथं पडला म्हणजे डोंगरातही पडला, असं धरून कागद वर जायचे. पीक किती आणे उतरलं, टंचाईची कामं कुठं काढायची, धान्य कुठं पाठवायचं, हे ठरवताना साहेबलोक आधी पावसाचा तक्ता उघडत. आमची खाचरं भेगाळलेली असायची आणि तक्त्यात मात्र आम्ही चिंब.

म्हणून पाड्यावर पर्जन्यमापक बसवा म्हणून मी मागे लागलो. कचेरीतले कारकून मला ‘पावसाचे साहेब’ म्हणायला लागले. घरच्या म्हशीच्या दुधालाही सरकारी माप मागवू का, असं एकानं विचारलं. मी ऐकून घेतलं, पण माप मिळवलं.

शाळेसमोर ते बसवलं. जमिनीत रोवलेलं पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी काचेच्या अरुंद मापात ओतायचं आणि रेघ वाचायची. काम दिलं गुरुजींकडं. गुरुजी डहाणू रोडला राहायचे. सकाळच्या एसटीनं नाक्यापर्यंत येत, पुढं चालत. माणूस इमानी होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी त्यांनाच बोल लावले.

बसवलं त्या दिवशी सगळा पाडा जमला. मी समजावून सांगितलं की आता सरकार आपला पाऊस इथूनच बघणार. बायकांनी नळकांड्याला हळद लावली. मला हसू आलं, बरंही वाटलं.

त्या वर्षी आषाढ चांगला गेला. लावण्या झाल्या. श्रावणात पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. मी तेव्हा कोसबाडला बियाण्याच्या कामावर होतो. तिथून आमचे डोंगर दिसायचे, त्यांच्यावर ढग नसायचा. वाईट वाटायचं, पण मनात एक आधार होता: निदान या वेळी तक्ता खरं बोलेल. पाडा टंचाईच्या यादीत येईल, रस्त्याचं काम निघेल, लोक घरी राहून दोन वेळा जेवतील.

यादी लागली. शेजारचे पाडे त्यात होते, आमचा नव्हता.

मामलेदारांनी तक्ता माझ्यासमोर सरकवला. आमच्या पाड्यावर श्रावणात पाऊस. थोडाथोडका नव्हे, चांगला दमदार. मला वाटलं, गुरुजींनी घरी बसूनच आकडे टाकले. त्याच पावली शाळेत गेलो आणि त्यांना नको ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, बाटलीत पाणी होतं तेवढंच लिहिलं. आजूबाजूची जमीनही ओली असायची. डोंगरातला पाऊस, पहाटे पडून जात असेल, असं वाटलं.

घरी गेलो. खाचरात भात उभं होतं, पण लोंबी चिमटीत धरली की नुसतं टरफल. आई ओटीवर कडूकंद चिरत बसली होती. हा कंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. तो घरात आला म्हणजे तांदूळ संपला, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही.

आमच्याकडं पाऊस गेला की बायका उजाडायच्या आत गावदेवाच्या दगडावर पाणी घालतात. कुणाशी बोलायचं नाही, पुरुषांना सांगायचं नाही. सांगितलं की घातलेलं पाणी वाया जातं. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "त्या नळकांड्यात तुम्ही पाणी घातलंत?"

आई चिरायची थांबली. "घातलं. ज्यात पाऊस पडायचा तेच कोरडं पडलं होतं. सरकार त्यातून बघतं, तूच म्हणालास. मग त्याला पाजलं."

घरटी थोडं थोडं, म्हणाली. भोवती पाण्याचा सडाही टाकायच्या, देवाजवळ टाकतात तसा. पाणी नदीतल्या डवऱ्याचं, वाळू उकरून वाटीवाटीनं भरलेलं, घरच्या पिण्यातून काढलेलं. त्या अरुंद मापात ओंजळभर पाणी म्हणजे मोठी सर.

मी तसाच कचेरीत परत गेलो आणि सगळं सांगितलं. मामलेदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी तक्ता पुन्हा पुढं ओढला.

"तुमच्या आईनं यंत्राला पाणी पाजलं, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" ते म्हणाले. "आणि माप तुम्हीच मागून घेतलं होतंत."

पाहणीला माणूस पाठवतो म्हणाले. पाठवलाही. तो आला तेव्हा कापणी होऊन नुसतं पेंढ्याचं रान उरलं होतं.

पाडा पोटासाठी उठला. माझ्या पगारावर आईचं भागलं असतं. तिला तलासरीला माझ्याकडं चल म्हटलं. ती म्हणाली, "सगळा पाडा उठल्यावर मी एकटी तुझा भात खात बसू?" बायकांबरोबर तीही घोलवडला चिकूच्या वाडीत गेली. गुरुजी मात्र मापाजवळ येत राहिले. आता बाटली कोरडी असायची आणि ते शून्य लिहायचे. ते शून्य खरं होतं, आणि ते वाचायचं आता कुणालाच कारण नव्हतं.

माप मागितलं याची मला आजही लाज वाटत नाही. मागायलाच हवं होतं. पण त्या उन्हाळ्यात घोलवडला गेलो ते आठवलं की जेवण गोड लागत नाही. आई वाडीतल्या कलमांना पाणी घालत होती. विहिरीवरून घडा आणायचा, रोपाच्या बुडाशी ओतायचा, परत जायचं. मला बघून ती थांबली नाही. मी मागोमाग चालत राहिलो. गुजरातीत कुणी तरी तिला आवाज दिला, तिनं तिकडं मान हलवली.

"घरी कधी येणार?" मी विचारलं.

तिनं घडा रिकामा केला. माती पाणी पिईपर्यंत बघत उभी राहिली.

"बघू," म्हणाली. "इथं घातलेलं पाणी कुठं जातं ते दिसतं तरी, पोरा."

आणि पुन्हा विहिरीकडं वळली.