उत्कर्षाच्या सर्व्हिसची रेघ

मोहोळजवळच्या वस्तीवरल्या अंगणवाडीत मालतीबाई सत्तावीस वर्षं पोरांची वजनं करत आल्या. दर महिन्याला पोर काट्यावर, आकडा रजिस्टरात, आणि आलेखावर एक ठिपका. ठिपके जोडले की रेघ. रेघ वर चालली तर काळजी नाही. आडवी झाली तर आईला बोलवायचं. खाली वळली तर त्याच दिवशी पोराच्या घरी जायचं. मग सगळं मोबाईलात भरायचं आलं. आकडा टाकला की रेघ मोबाईलच ओढायला लागला आणि बाईंच्या हाताला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आलेखाची कोरी रजिस्टरं कपाटात तशीच पडून होती. त्यातल्या एकात त्यांनी उत्कर्षा मांडली.

उत्कर्षा म्हणजे हायवेवरच्या ट्रॅक्टर गॅरेजवाल्या श्रीमंतची थोरली. बाईंच्याच अंगणवाडीतनं गेलेली. आता सतराची, सोलापुरात मावशीकडं राहून टेनिस खेळायची. राज्याच्या स्पर्धांत तिचं नाव दिसायला लागलं होतं. सामने मोबाईलवर लागायचे. एकच कॅमेरा, तोही जाळीच्या मागनं. पोरं घरी गेली की बाई भिंतीला टेकून बघत बसायच्या. सर्व्हिस करणारीला दोन चेंडूंची मुभा असते, एवढं त्यांना पहिल्या आठवड्यातच उमगलं. पहिला चेंडू आत पडला तर उभी काडी, बाहेर गेला तर आडवी. शंभरात किती आत, त्याचा ठिपका.

"तिच्या आईनं बी एवढं बघितलं नसंल," नवरा म्हणायचा, गोपाळ. "मानधन वाढवून देत्यात का काय त्याचं?"

"तुमी सकाळपास्नं क्रिकेट बघता. तुमाला किती मिळतं?"

जानेवारीत ठिपका साठावर होता. मार्चात बावन्नवर आला. मे संपता संपता त्रेचाळीस. बाईंनी दोनदा मोजून बघितलं आणि गोपाळला म्हणाल्या, पोरगी घसरलीय वो. गोपाळच्या पोटात काय राहतंय. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर चहा पिता पिता त्यानं ते श्रीमंतला सांगून टाकलं.

गुरुवारी श्रीमंत अंगणवाडीच्या दारात. हात ऑइलचे, म्हणून आत आला नाही.

"बाई, तुमच्या वहीत पोरगी घसरलीय म्हणं."

"आमच्या ह्यांनी सांगितलं व्हय?"

"कुणी का सांगंना. चार स्पर्धा झाल्या, पहिल्या नायतर दुसऱ्या फेरीत घरी. तिला इचारलं तर म्हणती, व्हईल की. तिचे सर म्हणत्यात, व्हईल. मला त्यातलं काय कळत न्हाय. पण तुमी आकडा खोटा लिहीत न्हाय, हे समद्या वस्तीला ठाऊक हाय. बारावीचं वरीस हाय तिचं. तुमची वही जे म्हणंल ते. रेघ खाली असली तर रविवारी जाऊन तिला हिकडं घिऊन येतो. रॅकेट बंद."

बाईंनी रजिस्टर उघडलं नाही. "शनवारी तिचा सामना हाय सोलापुरात. तेवढा ठिपका ऱ्हायलाय. रविवारी दुपारी ये."

शनिवारी त्या एसटीनं सोलापूरला गेल्या. जाळीबाहेरच्या बाकावर बसून काड्या ओढल्या. उत्कर्षा हरली. एक्केचाळीस.

पोरगी घाम पुसत बाहेर आली, बाईंना बघून हसली. "बाई, तुमी हितं?"

"सकाळी काय खाल्लं हुतंस?"

"दोन केळी आन् भाकरी. अजून तेच इचारता व्हय?"

"खांदा दुकतोय का?"

"न्हाय वो."

"मग चेंडू आत का पडंनात तुजे?"

उत्कर्षा बाकावर टेकली. "सरांनी जुनी सर्व्हिस मोडून नवी बसवायला घेतलीय. जुनी हळू हुती. आत पडायची, पण समोरची निवांत परत मारायची की. नवी लई येळा भाईर जाती. पण पडली तर परत येत न्हाय."

"बापाला सांगितलंस हे?"

"अप्पांना हरलेलंच दिसतं. काय सांगू?"

बाईंनी रजिस्टर मिटलं. असलं त्यांनी आयांकडून पुष्कळ ऐकलं होतं. खातंय की चांगलं, अंगालाच लागत न्हाय. ऐकून घ्यायचं, पण काट्यावर घेतल्याशिवाय मानायचं नाही.

परतीच्या गाडीत, लांबोटी मागं पडली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. चेंडू किती आत पडले ते त्यांनी मोजलं. आत पडलेल्यांपैकी कितींवर गुण मिळाले, ते मोजलंच नव्हतं. म्हणजे वजन घेतलं आणि उंची घेतली नाही. पोर झपाझप उंच झालं की अंगानं वाळल्यागत दिसतं, म्हणून दोन्ही मोजायचं. ह्याच चुकीपायी त्यांनी मदतनीस बाईला किती वेळा फैलावर घेतलं होतं.

रविवारी सकाळी चुलीपुढची कामं गोपाळवर टाकून त्यांनी जुने सामने पुन्हा लावले. जानेवारीत आत पडलेल्या शंभर चेंडूंत चौपन्न गुण. मार्चात एकसष्ट. मेमध्ये एकाहत्तर. हिरव्या पेनानं दुसरी रेघ आली, चढती.

दुपारी श्रीमंत हात धुऊन आला. बाईंनी रजिस्टर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही रेघा बोटानं दाखवल्या. त्यानं रजिस्टर उजेडाकडं वळवलं.

"म्हंजी चांगलं का वाईट?"

"आज हारतीय, ते खरं हाय. ही खालची रेघ मी लपवणार न्हाय. पण नवी सर्व्हिस पडती तवा जुनीपरास लई चालती. हे बी खरं हाय."

"दोन्ही वर कवा जातील?"

"ते माज्या वहीत न्हाय."

"तुमाला काय वाटतं मग?"

"मी वाटलेलं लिहीत न्हाय, श्रीमंत. पण एक सांगते. नुसती खालची रेघ बघून तू तिला आणली असतीस, तर चूक माजी हुती."

श्रीमंतनं हिरव्या रेघेवरनं अंगठा फिरवला, जानेवारीपासून मेपर्यंत. मग रजिस्टर मिटलं.

"दिवाळीपत्तुर ऱ्हाऊ दे तितंच," तो म्हणाला. "पण तवर खालची रेघ वर वळली न्हाय, तर घरी ये म्हणून तिला तुमी सांगायचं. मी न्हाय सांगणार. माजं ती ऐकत बी न्हाय."

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. पोरीपुढं बसून ते बोलायचं कसं, हे त्यांनी मनात एकदा करून बघितलं.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "पण दर सामन्याला तू बी हितं बसायचं. एक रेघ मी मोजते, दुसरी तू मोजायची."

"मला जमंल का?"

"काड्याच तर वढायच्यात. बुधवारी चारला हाय सामना. हात धुऊन ये."