नंबर न टिपलेला ग्रह

मेहकरच्या शाळेत दयाराम निकस सरांनी उभी नोकरी चित्रकला शिकवण्यात काढली, पण त्यांच्या आवडीचं काम हाती आलं ते निवृत्तीनंतर. पुण्याच्या एका प्रकाशनाने मुलांसाठी अंतराळातल्या गोष्टींची मालिका सुरू केली होती. प्रत्येक पुस्तकात एक नवा ग्रह असायचा आणि त्याचा नकाशा निकस सर काढायचे. डोंगर कुठे, नदी कुठून, खाडी कोणत्या किनाऱ्याला, सगळं त्यांच्या मनचं. काळी शाई घेऊन ते बसले की त्यांच्या पत्नी पुष्पांजलीबाई जेवायला हाका मारून थकायच्या.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे हळूहळू वाढत जाईल. किनाऱ्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटायला लागली.

प्रकाशनातल्या अनुपमाने त्यांना न दुखवता मार्ग काढला. आपोआप ग्रह तयार करणारी तीन सॉफ्टवेअर तिने त्यांना पाठवली आणि कोणतं घ्यावं ते कळवा म्हणाली. आपल्या हाताच्या जागी काय बसवायचं, ते आता सरांनीच ठरवायचं होतं. तिच्या मनात तसं काही नव्हतं, पण होतं ते तसंच.

पहिल्यात नद्या डोंगर चढून पलीकडे जात. दुसऱ्यातले सगळे किनारे सारखेच, कुरतडलेल्या भाकरीसारखे. तिसरं चालू केलं आणि सर खुर्ची पुढे ओढून बसले. त्यात वाऱ्याची दिशा आधी ठरायची. मग डोंगराच्या एका अंगाला पाऊस, दुसरं अंग कोरडं. नद्या बरोबर उतार धरत. खोट सापडावी म्हणून ते रोज बसत. ती काही सापडेना.

एका दुपारी पडद्यावर एक ग्रह आला. दोन मोठे भूभाग, मध्ये चिंचोळी जमीन, तिच्या कुशीत शांत समुद्र. हात धड असता तर सरांनी नेमका असाच काढला असता. त्यांनी बायकोला हाक मारली. त्या कणकेचे हात पुसत आल्या, तेवढ्यात लाइट गेली.

लाइट आली, पण ग्रह गेला होता. प्रत्येक ग्रहाला एक नंबर असतो, तो टाकला की तोच ग्रह परत येतो. कोपऱ्यातला तो बारीक नंबर सरांनी टिपलाच नव्हता.

"पुन्हा बटन दाबा ना, येईन तेच," पुष्पांजलीबाई म्हणाल्या.

"नाई येत. दर वेळी नवंच येते."

तरी ते दाबत राहिले. बर्फाचे ग्रह आले, वाळवंटांचे आले, नुसत्या पाण्याचेही आले. अनुपमाने कंपनीला विचारलं. नंबराशिवाय शोधणं अशक्य, असं उत्तर आलं. शेवटी त्यांनी आठवेल तसा तो कागदावर काढायला घेतला. हात ऐकेना. पुष्पांजलीबाईंनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. रेघ जरा सरळ झाली.

"सोड," सर म्हणाले. "तू धरलं तं ते तुया हाताचं होते."

तिसरं सॉफ्टवेअर सर्वांत चांगलं, असं त्यांनी कळवून टाकलं.

"काऊन लिहिलं असं? खराब हाय म्हनाचं," पुष्पांजलीबाई चिडल्या.

"खराब नाई ना पण ते."

आता पुण्याहून पुस्तकागणिक ढीगभर ग्रह येतात आणि सरांनी त्यातून एक निवडायचा असतो. उरलेल्यांचं काय करता, असं त्यांनी एकदा फोनवर विचारलं.

"डिलीट करते, सर," अनुपमा सहज म्हणाली.

सर बरं म्हणाले. तेव्हापासून त्यांना निवडायला फार वेळ लागतो. ज्यांना नको म्हणायचं, त्यांच्यातल्या एकेका नदीवरून ते उगमापासून समुद्रापर्यंत नजर फिरवतात. अनुपमाचा फोन येतो, आणि ते म्हणतात, अजून थोडे राहिलेत.