सर उत्तर देत नाहीत

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात रद्दी साठते तसे ते साठत जातात, आणि एखाद्या दिवशी नुसतं बसून राहायची वेळ आली की एकेक बाहेर निघतो.

आमच्यावर ती वेळ बीडच्या एका दवाखान्यातल्या बाकावर आली. आत गर्जे सर होते. लकव्याचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डोळे उघडे, पण नजर छताला. सरांची मुलगी वर्षा बीडलाच असते, म्हणून आष्टीहून त्यांना इथं आणलेलं.

डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय. पण समजतंय का, ते आत्ताच सांगता येणार नाही."

वर्षा आमच्याजवळ येऊन बसली. "बोलले नाहीत तरी चालेल हो काका. पण बाबांना आपण कळतोय का, एवढं तरी कळू दे."

आम्ही मग किस्से सांगायला लागलो.

*

आमची टीम चौघांची. गर्जे सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. मीही त्यांचाच विद्यार्थी. शेजारचा मोबाईल रिपेअरिंगवाला रफिक. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात असलेल्या सुषमाताई. आणि मी, अशोक, ज्याच्याकडे प्रिंटर आहे!

सुरुवात रफिकने केली. नेटवर अवघड कोडी आणि सांकेतिक मजकूर टाकणारी एक साईट त्याला सापडली. जगभरातल्या टीम ती सोडवतात. रफिकने मोबाईल सरांपुढे धरला. सर म्हणाले, "कागदावर दे."

मी प्रिंट काढली. सर स्टुलावर बसले ते दुकान बंद करेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन एवढंच म्हणाले, "सुटलं."

"उत्तर काय आलं सर?"

"ते तुझं तू काढ."

तिथून आमचा नियम पडला. ज्याला सुटेल त्याने ग्रुपवर फक्त 'सुटलं' लिहायचं. उत्तर फोडायचं नाही. फार अडलं तर इशारा मागायचा, आणि सरांचा इशारा कायम एकच: "पुन्हा वाच."

रफिक एकदा जाम चिडला. "सर, दहाव्यांदा वाचतोय मी!"

"मग अकराव्यांदा वाच."

*

त्या साईटवर परदेशातली एक टीम आमच्याशी गप्पा मारायची. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या टीममध्ये किती जण आहेत? रफिकने लिहिलं, "चार माणसं आणि एक झेरॉक्स मशीन."

पुढं ते एका कोड्यात अडकले आणि आमच्याकडे इशारा मागितला. आमचं सुटलेलं होतं. आम्ही सरांना विचारलं, काय कळवायचं?

"पुन्हा वाचा म्हणावं."

"सर, ते परदेशातले लोक आहेत. चांगलं दिसतं का?"

"कावून? त्यांना वाचता येत नाही का?"

रफिकने लाजत लाजत तेवढंच कळवलं. मग तिकडून लांबलचक आभार आले! सुटलं म्हणे! आमच्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहेत म्हणे!

सर कॉलर ताठ करून दोन दिवस आष्टीच्या बाजारात हिंडत होते.

*

कोड्यांचे कागद दुकानात सगळीकडे पडलेले असायचे. एकदा गर्दीत शिरूर कासारच्या एका पाहुण्यांच्या अर्जाला मी चुकून त्यातलाच एक कागद स्टेपल केला. उलटसुलट अक्षरं, मधेच चौकोन, खाली बाण. पाहुणे गेल्यावर सर कागद शोधायला लागले तेव्हा तो कुठं गेला ते माझ्या लक्षात आलं.

पाहुणे संध्याकाळी परत आले. मी हात जोडायच्या बेतात होतो.

ते म्हणाले, "अशोकभाऊ, साहेबांनी सगळी पानं पाहिली. हे बाणाचं पान बरोबर हाय म्हणले. बाकीची परत काढून आणा!"

त्या पानावर गोल शिक्कासुद्धा होता. ते कोडं आमच्यापैकी कुणालाच सुटलं नव्हतं.

*

आता ठकठकीबद्दल सांगायला पाहिजे. दुकानात गिऱ्हाईक असताना कोड्याचं बोलता यायचं नाही, म्हणून सरांनी एक भाषा काढली. बाराखडीच्या आधी शाळेत जो तक्ता पाठ करतो तोच. पहिली ओळ क, ख, ग, घ, ङ. दुसरी च, छ, ज, झ, ञ. तशाच ट, त आणि प च्या. खाली य, र, ल, व, श आणि मग ष, स, ह, ळ, क्ष. आधी ओळीचा नंबर वाजवायचा, मग त्या ओळीतल्या अक्षराचा. काना-मात्रा ऐकणाऱ्याने भरून घ्यायच्या.

सर काउंटरवर बोटाने वाजवायचे आणि आम्ही मनात मोजायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, सरांना भजनाचा नाद लागला.

श्रावणात आम्ही कपिलधारला गेलतो. धबधब्याचा आवाज एवढा की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येईना. रफिक अगदी कडेच्या दगडावर उभा राहून सेल्फी काढत होता. सर मागून त्याच्या पाठीवर वाजवायला लागले. सात, दोन. सहा, दोन.

रफिक शहाण्या विद्यार्थ्यासारखा बोटं मोजत उभा! स... र... आणि 'क' येईपर्यंत पाय सटकून तो कंबरभर पाण्यात!

बाहेर आला तो भडकूनच. "सर, 'सरक' म्हणायला एवढा येळ? हाताला धरून ओढायचं न्हाई का?"

सर म्हणाले, "पण उत्तर बरोबर काढलंस. उशिरा काढलंस, एवढंच."

*

सरांना या जगात फक्त काकूंनीच, म्हणजे त्यांच्या बायकोनेच, ओळखलं. काकूंना आमच्या कोड्यांचा मनापासून राग. "माणसं कामाला आणि हे ठकठकीला," असं आमच्या तोंडावर म्हणायच्या आणि वर चहाही द्यायच्या.

एकदा आम्ही सरांच्या घरी बसलो होतो. काकू आतून म्हणाल्या, "अवो, आज एकादशी हाय. साबुदाणा भिजवलाय मी."

सर ताडकन म्हणाले, "चूक! एकादशी परवा आहे."

काकू दारात आल्या आणि सुषमाताईंकडे बघून हसल्या. "भिजवला कुठला आलाय साबुदाणा! एकादशी कधी हाय ते मला पाहिजे होतं. सरळ विचारलं असतं तर कॅलेंडर बघ म्हणले असते. यांना काय बी इचारू नये. चुकीचं बोलावं. यांच्याच्यानं चुकीचं ऐकून घेववत न्हाई."

आम्ही पोट धरून हसलो. सर मात्र मनापासून दुखावले. 'चूक' हा त्यांचा आवडता शब्द. आमच्या वर्गात तो असा घुमायचा की बाजूच्या वर्गातली पोरंही आपली वही तपासून बघायची.

*

हा किस्सा मी बाकावर सांगितला आणि वर्षा पहिल्यांदा हसली. काकू शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला वाईट वाटलं. उगाच सांगितला, असं झालं.

सुषमाताई मात्र एकदम ताठ बसल्या.

"वर्षा, सकाळपासून तू बाबांना काय काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बाबा, मला ओळखलं का? बाबा, दुखतंय का? ऐकू येतंय का?"

"डॉक्टर?"

"तेही तेच विचारतायत."

"अगं, सगळे प्रश्नच विचारतोय की आपण!" सुषमाताई उठून उभ्या राहिल्या. "तुझ्या बाबांनी जन्मात कधी कुणाला उत्तर दिलंय का?"

झटका आला त्या दिवशी सकाळीच सरांनी ग्रुपवर 'सुटलं' लिहिलं होतं. त्या महिन्यातलं सगळ्यात अवघड कोडं. आम्हा तिघांचा अजून त्याच्याशी झगडा चालू होता. उत्तर फक्त एकाच माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्या डोक्यात आता काय उरलंय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वर्षाने सिस्टरला विनंती केली, तेव्हा तिने आम्हाला आत सोडलं. काकू दारातच थांबल्या. त्यांचा धीर होईना.

सर तसेच होते. डावा हात पलंगाच्या लोखंडी कठड्याला टेकलेला. ज्या माणसापुढे फळ्याजवळ उभं राहून मी गणित पुसून पुसून लिहायचो, तो माणूस असा पडलेला बघून मी नुसतंच चादरीचं टोक सारखं करत राहिलो. सुषमाताईंनी मला कोपराने ढोसलं.

मी कानाशी वाकलो. "सर, ते कोडं आम्ही सोडवलं. उत्तर 'समुद्र' आहे. साईटवर टाकतोय आता."

समुद्राचा त्या कोड्याशी काडीचाही संबंध नव्हता. मला सुचलं ते मी बोललो.

काही झालं नाही. सर छताकडे बघत होते. वर्षाने मान फिरवली. रफिक म्हणाला, "चल बे, झोपू दे त्यांना."

आणि कठडा वाजला.

ठक, ठक. मग थांबला. ठक.

आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. रफिकचे ओठ हलत होते. दोन, एक.

मग ठक. थांबला. पुन्हा ठक.

एक, एक.

रफिकने तोंडावर हात दाबला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुषमाताईंनी वर्षाला मिठीच मारली. मला काही दिसेनासं झालं.

"काय झालं? अवो, काय झालं?" काकू दारातून ओरडल्या. "काही म्हणले का?"

"च... क," मी म्हणालो. "चूक म्हणाले, काकू."

काकू आत आल्या, सरांच्या डाव्या हाताशी उभ्या राहिल्या आणि भांडायच्या आवाजात म्हणाल्या, "मग! ह्यांच्या तोंडून दुसरं काय निघणार!"

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

कठडा परत वाजायला लागला. सुषमाताईंनी पर्समधून पेन काढलं आणि तळहातावर एकेक अक्षर लिहायला सुरुवात केली. प. न. ह. व. च.

"काय म्हणतात बाबा?" वर्षाने विचारलं.

रफिकने बाहीला डोळे पुसले.

"पुन्हा वाच म्हणतेत!"