पाटलांच्या मोटारीचं पाणी

इंजिनाचं काम मी शिकलो ते गोंदियाच्या लोको शेडमध्ये. बॉयलरपाशी उभं राहून एक गोष्ट अंगात मुरली होती, की पाणी आपोआप नाहीसं होत नाही. ते कुठून तरी वाट काढतं आणि ती वाट शोधणं हे फिटरचं काम. पुढे रेल्वेची पक्की नोकरी सोडून मी फुलचूरच्या रस्त्याला टिनाचं छप्पर टाकलं आणि मोटारी दुरुस्त करू लागलो, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. सबंध मुलखात मोटारी त्या किती! पण माझा माझ्या हातांवर भरवसा होता. ज्याच्याकडे मोटार आहे तो आज ना उद्या माझ्याकडे येईलच, असं मी वडिलांना तोंडावर सांगून टाकलं होतं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कूपनावर मिळायचं, सुटे भाग तर मिळतच नसत. अशा एका उन्हाळ्यात अर्जुनीकडचे एक मालगुजार, म्हणजे जमीनदार, आपली मोटार घेऊन माझ्याकडे आले. त्यांना सगळे पाटीलच म्हणत. गाडी चार सिलिंडरची, जुनी, पण चांगली राखलेली. पुढे चाकावर त्यांचा ड्रायव्हर होता, सालेकसाकडच्या जंगलपट्टीतला गोंड माणूस. चाळिशीचा, सडसडीत, अंगावर धुतलेला खाकी सदरा.

"मिस्त्री, गाडी मंग पाहा," पाटील उतरता उतरताच म्हणाले. "पहिले मले दुसरा डायवर पाहून द्या."

ड्रायव्हर तिथेच, हाताच्या अंतरावर उभा होता.

पाटलांनी सगळं सांगितलं. दोन-तीन महिन्यांपासून गाडी पाणी पीत होती. सकाळी रेडिएटर तोंडोतोंड भरायचा आणि आठ-दहा कोस गेलं की बोनेटमधून वाफा. रेडिएटर उतरवून कथलाचा डाग मारून झाला, रबरी नळ्या बदलल्या, तरी तेच. मागच्या आठवड्यात पाटलांची लेक बाळंतपणासाठी माहेरी येत होती. नवेगावच्या जंगलात गाडी तापून बंद पडली. भर उन्हात ती गरोदर पोर रस्त्याच्या कडेला बसून राहिली आणि ड्रायव्हर डबा घेऊन नाला शोधत गेला.

"गाडीखाली एक थेंब दिसत नाही," पाटील म्हणाले. "मंग पानी जाते कुठं? हा भरतच नाही. आळशी झाला हा. वरतून खोटं बोलते."

"मी रोज भरून राहिलो ना जी," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "रोज सांगून राहिलो, कोनी आयकत नाही."

मला पाटलांचा राग आला, पण रागाने काही सिद्ध होत नाही. मी म्हटलं, "पाटील, आज पाणी तुम्ही भरा. तुमच्या हातानं. गाडी मी चालवतो, तुम्ही माझ्या बाजूला बसा. हा इथंच थांबेल."

पाटलांनी बाह्या सरसावून विहिरीचं पाणी ओतलं, वर येऊन सांडेपर्यंत. आम्ही गोरेगावच्या रस्त्याला लागलो. ऊन मी म्हणत होतं. बरंच अंतर जाऊन परत आलो, इंजिन जरा निवू दिलं आणि मी ओल्या पोत्याने धरून टोपण उघडलं. पाटलांनी आत डोकावलं. पाणी दिसेना. काडी घालून पाहिली तर ती बरीच खाली जाऊन ओली झाली.

"आता?" मी विचारलं.

पाटलांनी काडी पुन्हा आत घालून पाहिली. मग म्हणाले, "मंग गेलं कुठं?"

"तेच आता पाहायचं."

मी गाडीखाली शिरलो. सगळं कोरडं ठणठणीत. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेलात पाणी मिसळलं असतं तर ते ताकासारखं झालं असतं, पण तेल नितळ होतं. म्हणजे पाणी बाहेर गळत नव्हतं आणि तेलातही जात नव्हतं. उरली एकच जागा, जिथे पेट्रोल जळतं ती. तिथे गेलेलं पाणी वाफ होऊन धुराबरोबर मागच्या नळीतून निघून जातं. थंडीत ती पांढरी वाफ दिसली असती. वैशाखाच्या उन्हात कोणाला दिसणार?

माझी जवळजवळ खात्री झाली होती. तरी मी ड्रायव्हरला विचारलं, "सकाळी हँडल मारून चालू केल्यावर गाडी कशी बोलते?"

तो दोन पावलं पुढे आला. "खोकलते जी. पहिले थोडा वेळ एक सिलिंडर मारत नाही. मंग आपनच नीट होते."

"हे कोणाला सांगितलं होतंस?"

"कायले सांगू? पान्याचं सांगितलं तं खोटारडा झालो."

रात्रभर थोडं थोडं पाणी एका सिलिंडरमध्ये झिरपायचं आणि सकाळी ठिणगी पाडणारा प्लग भिजायचा, म्हणून ते खोकलणं. मी चारही प्लग काढून फळीवर मांडले. तीन काजळलेले, तपकिरी. चौथा मात्र वाफेने घासून धुतल्यासारखा स्वच्छ. पाटलांना तो हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना.

मग मी प्लग परत बसवले, पाण्याचा पंप फिरून पाणी ढवळलं जाऊ नये म्हणून पंख्याचा पट्टा काढला, रेडिएटर भरला, टोपण उघडंच ठेवलं आणि इंजिन चालू केलं. "आता पाहा."

आधी काही नाही. मग पाण्यात बुडबुडे येऊ लागले. एकामागून एक, सारख्या तालात. इंजिन जोरात केलं की बुडबुडेही जोरात. सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरत होता. ज्या वाटेने धूर येतो त्याच वाटेने पाणी आत जातं, हे मी पाटलांना समजावून सांगितलं. ते वाकून बराच वेळ त्या बुडबुड्यांकडे पाहत राहिले.

इंजिन बंद केलं तेव्हा ड्रायव्हर पुढे झाला. त्याने हँडल उचललं आणि पाटलांच्या पायाशी ठेवलं.

"पानी कुठं जाते ते समजलं तुमाले. आता मी जातो."

"अरे, थांब," पाटील म्हणाले.

"नाही जी. त्या दिवशी तुमच्या पोरीसमोर तुमी मले खोटारडा म्हटलं." आणि तो रस्त्याला लागला. स्टेशनच्या दिशेने जाताना त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मध्ये पत्र्याची पातळ गादी असते, तिला गॅस्केट म्हणतात. ती एका ठिकाणी जळून बोटाएवढी खाच पडली होती, थेट सिलिंडरपासून पाण्याच्या छिद्रापर्यंत. नवी गॅस्केट आणायला पाटलांनी नागपूरला माणूस पाठवला, तो रिकाम्या हाताने परत आला.

"तांब्याचा पत्रा आणा," मी म्हटलं. "मी बनवतो."

बाजारात तांबं कुठलं? शेवटी पाटलीणबाईंनी घरातलं अंघोळीचं घंगाळ पाठवून दिलं. सोबत निरोप होता, 'कापा खुशाल, पन त्या मानसाले परत आना.' तांबटाने घंगाळाचं पोट उभं कापून पत्रा सपाट ठोकून दिला. जुन्या गॅस्केटवरून आखून मी छिद्रं पाडली, पत्रा लालबुंद तापवून पाण्यात बुडवला म्हणजे तांबं मऊ होतं, आणि हेड बसवून मधल्या नटांपासून बाहेर असं थोडं थोडं आवळत गेलो. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडा नाही. अशी गॅस्केट मी आधी कधी केली नव्हती, हे पाटलांना सांगायची मला काही गरज वाटली नाही.

"चला," पाटील म्हणाले. "सालेकसाले जाऊ. तुमी चालवा."

ड्रायव्हरचं गाव कचारगडच्या अलीकडे, जंगलाला लागून होतं. शेवटची वाट बैलगाडीची, तरी मी तिच्यावरूनच मोटार नेली. त्याच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. बायकोने आम्हाला बाज टाकून दिली, पाणी दिलं. तो शेजारी कुंपण बांधत होता. पाटलांना पाहून त्याने हात जोडले आणि पुन्हा दोरी ओढू लागला.

पाटील बाजेवर बसलेच नाहीत. कुंपणापाशी गेले. एवढे जमीनजुमल्याचे मालक, पण उभ्याउभ्याच म्हणाले, "माझं चुकलं. पोरीसमोर बोललो, तं पोरीसमोर सांगीन."

ड्रायव्हरने गाठ पुरी मारली. "काऊन, दुसरा डायवर नाही भेटला?"

"पाहिलाच नाही."

तो हसला नाही. उठून गाडीपाशी आला, मला म्हणाला, "उघडा जी, पाहू द्या." मी पोत्याने धरून टोपण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. त्याने त्यात काडी बुडवून पाहिली, मग हँडल मारून इंजिन चालू केलं आणि कान लावून ऐकलं. ते ऐकताना त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"जेवून निघू," तो म्हणाला, आणि बायकोला आत हाक मारून आणखी दोघांचं जेवण आहे म्हणून सांगितलं.

परतताना चाकावर तोच होता. पाटील या खेपेला त्याच्या शेजारी पुढे बसले, मी मागे. काही दिवसांनी पाटलांच्या घरी नातू झाला. पाटलांनी दिलेला शब्द लेकीसमोर पाळला, हे मला ड्रायव्हरनेच सांगितलं. बाळंतीण आणि बाळ सासरी निघाले ते त्याच गाडीतून, त्याच जंगलातून, वाटेत कुठेही न थांबता.

त्यानंतर माझ्या छपराखाली गाड्यांची रांग लागू लागली. मालक यायचे, पण मी आधी ड्रायव्हरला बोलावून घ्यायचो आणि विचारायचो, सकाळी गाडी कशी बोलते.